भरल्या गाडीला वाट

आमच्या बोळिंजच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता तेव्हा इतका अरुंद होता की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला बाजूला व्हावंच लागायचं. कुणी व्हायचं यावरून मी जन्मात कधी भांडण ऐकलं नाही. रिकाम्या गाडीनं कुंपणाला लागायचं आणि भरलेल्या गाडीला वाट द्यायची. कुंपणाच्या कडेनं जागोजागी गाडी उभी राहील एवढी जागा त्यासाठीच मोकळी सोडलेली असे. पायी चालणाऱ्यांनाही हाच नियम होता. डोक्यावर टोपली असलेली बाई समोरून आली की मोकळ्या हातांचा माणूस कडेला उभा राहायचा, मग तो शाळेचा हेडमास्तर असो नाहीतर देवळाचा पुजारी. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुठे लिहूनही ठेवलेलं नव्हतं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोर्टात यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. त्याला कोर्ट जबाबदार नव्हतं, मी होते.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. विरारला चार-चार मजल्यांच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि त्यांच्यासाठी खाडीवरून रेती आणणारे ट्रक आमच्या त्याच अरुंद रस्त्यावरून दिवसभर ये-जा करत होते. रस्ता कुणी रुंद केला नाही. ट्रक तेवढे वाढवले. आमची कुंपणं रोज थोडी थोडी मोडत होती, कोंबड्या मरत होत्या, आणि ग्रामपंचायतीतली माणसं तोंडात पान धरून म्हणत होती की प्रगती होतेय. त्या माणसांची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला माझे वडील, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, गाडीत केळीचे घड भरून विरार स्टेशनकडे निघाले होते. समोरून खाडीवर रेती भरायला निघालेला एक ट्रक आला. रिकामाच होता. रिकाम्या ट्रकचा मागचा पत्रा कसा खडखडतो ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं, घरात बसूनही आम्ही सांगू शकायचो की भरलेला गेला की रिकामा. बाबांनीही ऐकलं, पाहिलं, आणि गाडी आपल्या चालीनं चालू ठेवली. रिकामा आहे, होईल बाजूला. चार पावलांवर मोकळी जागा होतीच.

ट्रक बाजूला झाला नाही. गाडीचं जू मोडलं, एक बैल कुंपणात जाऊन पडला, आणि बाबांचा उजवा पाय गाडीचं चाक आणि ट्रकचा बंपर यांच्यामध्ये सापडला. चालवणारा पळून गेला. दुसऱ्या दिवशी मालकानं त्याला पोलिसांपुढे उभं केलं तेव्हा कळलं की तो परका कुणी नव्हता. आमच्याच तालुक्यातला, दोन गावं पलीकडचा. त्याच्या बापाचीही बैलगाडी होती. म्हणजे भरल्या गाडीला वाट द्यायची हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं. परका असता तर मी त्याला एकवेळ माफ केलं असतं. त्याला मी अजून केलेलं नाही.

बाबांना आधी वसईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला हवालदार आला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती, कशानं कापलं होतं कोण जाणे. खाटेशी मी बसले होते, मांडीवर पुस्तक. मी तेव्हा मास्तरकीचं शिक्षण पूर्ण करून नोकरीच्या पत्राची वाट बघत होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि ते माझ्या चालण्याबोलण्यात दिसत असणार. हवालदारानं कागद माझ्यापुढे केला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. हे सांगतील ते लिहा, मी वाचून घेतो."

मला केवढा अभिमान वाटला! सरकारी कागद, आणि तो माझ्या अक्षरात.

बाबा सांगू लागले. औषधांनी त्यांची जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "टरक रिकामा व्हता. मी भरलेला. मनून मी थांबलो नाय. तोच बाजूला होल असा मना वाटला."

हवालदार हसला. घाटावरचा माणूस होता, त्याला गंमत वाटली. "रिकामा आणि भरलेला काय आजोबा? भांड्याचं सांगताय का गाडीचं? अपघात कसा झाला ते सांगा."

शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. बाबा परत तेच म्हणाले, रिकामा व्हता, मी भरलेला. आणि मला लाज वाटली. पाय चेचलेला माझा बाप खाटेवर पडलाय, आणि मला लाज कशाची वाटली, तर तो पोलिसापुढे आमच्या घरच्या बोलीत वाडीतल्या गोष्टी सांगतोय याची. मी कागदावर लिहिलं, "समोरून ट्रक येत असल्याचे मी पाहिले होते, तथापि मी माझी बैलगाडी थांबवली नाही वा बाजूला घेतली नाही. ट्रकचालक बाजूला होईल असा माझा समज झाला."

तथापि! त्या शब्दावर मी किती खूष होते ते मला आजही आठवतं. आता तो कुठे छापलेला दिसला तरी कागद फाडावासा वाटतो.

हवालदारानं जबाब मोठ्यानं वाचला. "बरोबर ना, आजोबा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची सही ती, एकेक अक्षर सुटं. मला वाटलं, माझं लिहिणं त्यांना आवडलं.

आठवडाभरानं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. वाडीतल्या माणसाचा पाय जातो म्हणजे काय जातं, ते शहरात सांगून कळत नाही. पाण्याच्या पाटात उभं राहणं गेलं, नारळावर चढणं गेलं, रहाटामागे बैल फिरवणं गेलं. बाबा पंचावन्नचे होते. इस्पितळाच्या फाटकाशीच सफारी सूट घातलेला एक दलाल आईच्या मागे लागला. म्हणाला, वकील माझा, कोर्ट माझं, मिळेल त्यातलं निम्मं तुमचं. आईनं त्याला असं काही सुनावलं की तो पुन्हा त्या फाटकाशी दिसला नाही. आता वाटतं, त्याला निदान कोणत्या कोर्टात जायचं एवढं तरी माहीत होतं.

कारण आम्हाला ते माहीत नव्हतं. वाडीवाल्यांना वकील म्हणजे जमिनीचा वकील. कुळकायदा, बांधाचं भांडण, विहिरीतला हिस्सा, यांशिवाय कोर्टाची पायरी आमच्यात कुणी चढलं नव्हतं. आजोबांच्या काळापासून आमचा एक ठरलेला वकील होता वसईला. दुसरा शोधायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं. तेव्हा बाबांचा पाय घेऊन आम्ही त्याच्याकडेच गेलो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "सातबारा आणलाय का?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, पाय गेलाय. पायाचा सातबारा कुठून आणू?"

आईनं माझ्या पाठीत चिमटा काढला. वकिलाला राग आला नाही. त्याला काहीच होत नव्हतं, ना राग, ना घाई. त्यानं ट्रकच्या मालकाला एक नोटीस लिहिली. नोटिशीचं उत्तर आलं नाही, तर दुसरी लिहिली. आई दर खेपेला केळीची फणी घेऊन जायची आणि तो घरात हाक मारायचा, "अगं, बोळिंजच्या वहिनी आल्यात." असे चार महिने गेले. पाचव्यात मी एकटी गेले आणि टेबलावर हात ठेवून विचारलं, दावा कधी लावणार? तेव्हा तो चष्मा पुसत म्हणाला, "तसं अपघाताचं काम मी करत नाही. ते ठाण्याला चालतं. सहा महिन्यांच्या आत लावावं लागतं म्हणतात."

म्हणतात! चार महिने त्यानं आमची केळी खाल्ली आणि हे एक वाक्य त्याला पहिल्या दिवशी बोलता आलं नाही. मी तिथं काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईनं नंतर त्याच्या घरी जाऊन माझ्या वतीनं माफी मागितली. त्याचाही मला राग आहे.

मग वसईतच एका तरुण वकिलाकडे गेलो. त्यानं जबाबाची नक्कल वाचली, तिसऱ्या ओळीवर थांबला आणि कागदाची घडी घातली. "ही तर कबुलीच आहे. समोरून ट्रक दिसत होता, तरी थांबले नाहीत. असं कोण देतं लिहून?" ते मीच लिहिलंय हे मी त्याला सांगितलं नाही. तो बाबांकडे वळला. "आजोबा, ट्रक तुम्हाला दिसलाच नाही असं म्हणा. वळणावर होता म्हणा. मग काहीतरी करता येईल."

"दिसला व्हता," बाबा म्हणाले.

"पण म्हणायचं."

"दिसला व्हता, तर नाय दिसला कसा बोलू?"

वकिलानं हात जोडले. आम्ही बाहेर आलो. बाबा कुबड्यांवर नवे होते, दोन पायऱ्या उतरायला त्यांना पाच मिनिटं लागली.

ठाण्याचा वकील आम्हाला सहा महिने संपायला नऊ दिवस उरले असताना भेटला. एस.टी.नं घोडबंदरवरून जायचं, उतरून रिक्षा, आणि मग त्याच्या कचेरीचा जिना. म्हातारा, दम्याचा, बोलताना मधे थांबणारा माणूस. त्यानं जबाब वाचला, पण घडी घातली नाही. बाबांना विचारलं, "रस्ता केवढा रुंद आहे हो?" बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवला. "मग रोज दोन गाड्या समोरासमोर येत असतील. तेव्हा काय करता?"

त्या सहा महिन्यांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. बाबांनी सगळं सांगितलं. भरलेली, रिकामी, कुंपणाच्या कडेची जागा, टोपलीवाल्या बाया. ट्रकवाल्याच्या बापाची गाडीही सांगितली. म्हातारा ताठ बसला. "म्हणजे थांबायचं होतं त्यानं. आणि हे त्याला माहीत होतं." मग त्यानं कागद पुन्हा चाळला. "पण ट्रक रिकामा होता हे इथं कुठंच नाही. आजोबा, पोलिसांना सांगितलं नाहीत?"

खोलीत पंखा फिरत होता. बाबा पंख्याकडे बघत राहिले.

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हटलं. "दोनदा. मी लिहिलं नाही."

वकील मला रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खोकला. मग म्हणाला, दावा लावू, आणि आजोबांनी कोर्टात एवढंच सांगायचं, की ट्रक रिकामा होता हे मी बोललो होतो, लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही. एवढं एकच वाक्य. ते त्यानं बाबांकडून तीन वेळा म्हणून घेतलं. बाबांनी तिन्ही वेळा नीट म्हटलं.

तारखा पडत पडत दीड वर्ष गेलं. मधल्या काळात मला जवळच्याच प्राथमिक शाळेत नोकरी लागली. वाडी खंडानं दुसऱ्याला कसायला दिली. बाबा दिवसभर ओट्यावर बसून दोऱ्या वळायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगी मास्तरीन झाली, पोलिसांचा कागदही तिनंच लिवला व्हता. ते ऐकून मी आत जाऊन भांडी आपटायचे. मला पैशाचं एवढं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू, थोडं वाटतच होतं. पण सरकारी कागदावर माझ्या बापाची चूक लिहिलेली होती, माझ्या हातानं, आणि ती माझ्या बापानंच आता पुसायची होती. मला दुसरं काही नको होतं.

साक्षीचा दिवस आला. बाबा धुतलेलं धोतर नेसून पिंजऱ्यात उभे राहिले, कुबड्या कठड्याला टेकवून. आमच्या म्हाताऱ्या वकिलानं विचारलं तसं त्यांनी सांगितलं, ट्रक रिकामा होता, मी पोलिसांना तसं बोललो होतो, लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही. मी मागच्या बाकावर बसले होते.

मग समोरचा वकील उठला. चांगले कपडे, चांगलं मराठी, अगदी माझ्यासारखंच.

"हा जबाब कुणी लिहिला? हवालदारानं?"

"नाय. माझ्या पोरीनं."

"मुलगी काय करते?"

"शाळेत शिकवते." बाबांची मान नकळत वर झाली. "मास्तरीन हाय."

"त्या कोर्टात आहेत का?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. सगळे वळून बघायला लागले.

"म्हणजे स्वतःची मुलगी, शिकलेली, शाळेत मुलांना लिहायला शिकवणारी, आणि तिनं बापाचा जबाब चुकीचा लिहिला, असं तुमचं म्हणणं आहे?"

आमचा वकील उठू लागला, पण त्याला दम लागला. मी मान जोरजोरात हलवत होते, हो म्हणा, बाबा, हो म्हणा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी वसईच्या दवाखान्यात पाहिलं होतं तसंच.

"माझी पोरगी चुकीचं नाय लिवत," ते म्हणाले.

मी उभी राहिले. "साहेब, मी लिहिलं चुकीचं," असं म्हणाले, म्हणजे ओरडलेच असणार, कारण शिपाई धावत आला. मला बसवलं, पुन्हा बोललात तर बाहेर काढू म्हणाले. बाहेर आल्यावर म्हातारा वकील म्हणाला, आता तुम्हाला साक्षीला उभं केलं तरी काय उपयोग, तुम्ही चुकीचं लिहीत नाही हे तुमचे वडीलच शपथेवर सांगून बसले. पुढे दोन महिन्यांनी निकाल लागला. दावा फेटाळला. गाडीवानानं ट्रक दिसत असताना थांबण्याची काळजी घेतली नाही, असं त्यात होतं. माझंच वाक्य, थोडं फिरवून.

पण मला सांगायचंय ते साक्षीच्या दिवशीचं. परतीच्या एस.टी.त मी बाबांच्या शेजारी बसले होते. खाडीचा पूल आला तेव्हा मला राहवलं नाही. "बाबा, मी रिकामा हा शब्द गाळला होता. तुम्हाला ठाऊक होतं ना? ठाण्याला मी सांगितलं तेव्हा कळलं ना?"

"तवा नाय. आदीच ठाव व्हता," बाबा म्हणाले. "हवालदारानं वाचला तवाच मना समजला."

"मग तेव्हाच का नाही बोललात? सही कशाला केलीत?"

त्यांनी कुबड्या जरा सरळ केल्या. "तो हवालदार हसत व्हता. त्याच्यासमोर तुना खोटी पाडू?"

एवढा राग मला त्या ट्रकवाल्याचा आला नव्हता, ना फणी खाणाऱ्या वकिलाचा. पाय चेचलेला माणूस, तापानं फणफणलेला, आणि त्या खाटेवरून हा माझी लाज राखत होता. मी त्याची लाज वाटून घेत होते तेव्हा! मला त्यांना हलवून विचारावंसं वाटत होतं की कुणी सांगितलं होतं तुम्हाला, मी मागितलं होतं का? पण गाडीत माणसं होती. मी दात दाबून बसून राहिले.

विरारहून आमच्या फाट्यावर उतरलो आणि वाडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. समोरून आमच्याच ओळखीची एक बाई येत होती, डोक्यावर भाजीची भली मोठी टोपली. बाबांच्या कुबड्या बघून ती थांबली आणि कडेला सरकायला लागली. पण तिच्याआधीच बाबा कुंपणाकडे वळले होते. एक कुबडी मातीत रुतली, दुसरी कुंपणात अडकली, तरी ते अंग चोरून उभे राहिले.

"तू जा गं," ते तिला म्हणाले. "तुज्या डोक्यावर भार हाय."

आणि मी, शाळेतली मास्तरीण, भर रस्त्यात त्या बाईसमोर माझ्या बापावर ओरडले. "बाजूला होऊ नका! उभे राहा मधेच! एकदा तरी दुसऱ्या कुणाला होऊ द्या बाजूला!"

बाई घाबरून लगबगीनं पुढे गेली. ती लांब जाईपर्यंत बाबा कुंपणाशी उभे राहिले, मग रुतलेली कुबडी उपटून काढून रस्त्यावर आले आणि घराकडे चालू लागले. माझ्या हातात काही नव्हतं. मी त्यांच्या मागून चालत राहिले.